चार सकाळींची हजेरी

आमचे मालक स्वतःच्या मनगटाकडे बघून कधी वेळ सांगत नसत. वेळ बघायला पगारी माणसं होती. "मिस्त्री, किती वाजले रे?" असं ते हातात सोन्याचं घड्याळ असतानाच विचारायचे. त्यामुळे त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून "एक घड्याळ आणायचंय" म्हटलं, तेव्हा मला वाटलं भिंतीवरचं बंद पडलं असेल.

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. घडी घालून चिकटवणारं नवं मशीन परदेशातून येणार होतं, आणि ते चालवायला शिकण्यासाठी सहा दिवस तिकडे एकाला पाठवायचं होतं. चौदा वर्षं या कारखान्यातले पट्टे, पाती, दाते माझ्या हातून गेलेत. निवड माझी झाली. जो शिकेल, मशीन त्याचं. जो शिकणार नाही, त्याच्या डोक्यावर बाहेरचा इंजिनियर. इतका सरळ हिशेब होता.

"मशीनचं ठीक आहे," मालक म्हणाले. "खरं काम वेगळं आहे. त्याच गावात एक दुकान आहे. त्यांचं घड्याळ दुसरीकडे कुठं मिळत नाही. आपल्या देशात तर विकतच नाहीत."

"का विकत नाहीत?"

"लायकी नाही आपली!" हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की जणू त्या लायकी नसलेल्यांत ते स्वतः नव्हते.

घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही शिकायला चाललाय की हमालीला?" मी म्हटलं, जाता जाता दुकानातून एक वस्तू तर उचलायची. बायकोनं नुसतं बघितलं. तिच्या बघण्यात चौदा वर्षांचा अनुभव होता.

दुकानात वस्तू उचलता येत नव्हती. तिथे घड्याळ विकत नाहीत, लायक माणसाला देतात. वहीत नाव लिहायचं, मग सलग चार सकाळी दुकान उघडताना रांगेत उभं राहून सही करायची. एक सही चुकली की नाव कापलं. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईंनी मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमचं आमच्या घड्याळांशी नातं काय?"

मी माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "सासरचं. पैसे आमचे, मान तुमचा."

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

प्रशिक्षणाचे धडे नेमके सकाळी असायचे. पहिल्या दिवशी पुठ्ठा आत कसा सोडायचा, दुसऱ्या दिवशी घड्या, तिसऱ्या दिवशी पट्टे. दुपारी सराव. तीन सकाळी मी रांगेत, आणि तीन दुपारी इतरांच्या वह्या मागत, भिकाऱ्यासारखा धड्यांचे तुकडे गोळा करत. शिकवणारा म्हातारा विचारायचा, "सकाळी कुठे होतास?" मी पोटावर हात ठेवायचो. तो बिचारा माझ्यासाठी गोळ्या घेऊन आला. मान वर करून मला त्या घेता आल्या नाहीत.

चौथ्या सकाळी गोंदाचा धडा होता. गोंद तापवायचा किती, सोडायचा किती, थांबवायचा कधी. सगळ्या मशीनचा जीव तिथे. आणि तो एकदाच दाखवणार, कारण नंतर नळ्या धुऊन ठेवायच्या होत्या. मी मालकांना फोन केला.

"मालक, आजचा धडा चुकला तर मशीन हातात येणार नाही."

"अरे, चिकटवायला काय शिकायचंय? माझी आजी खळ करून पुस्तकं चिकटवायची. मशीन कुठं पळत नाही. नाव कापलं तर घड्याळ गेलं! सही कर."

मी केली. दोष त्यांचा म्हणून मोकळं होता येत नाही. पाय माझे होते, आणि ते दुकानाकडे चालत गेले.

येताना विमानतळावर मी घड्याळ समोर ठेवलं, खरं तेच सांगितलं. अधिकाऱ्यानं कंपनीचं नाव यादीत शोधलं, शेजारच्याला विचारलं, खांदे उडवले, पावतीवरून कर भरून घेतला आणि म्हणाला, "एवढे पैसे दिलेत याला? फसवलं हो तुम्हाला कुणीतरी."

तिथेच मला कळायला हवं होतं. जे घड्याळ देशात विकत नाहीत, ते देशात ओळखणार कोण?

मालकांनी ते बांधलं आणि बाही दुमडून आठवडाभर हिंडले. कुणी ढुंकून बघेना. शेवटी त्यांच्या साडूंनी बघितलं. "ऑनलाइन घेतलंस का? माझ्या पुतण्याकडे अस्संच आहे. त्याचं पावलंही मोजतं."

त्या दिवशी मालक जेवले नाहीत म्हणतात.

आता स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर फुशारकी, दुसऱ्यानं सांगितलं तर कीर्ती. तो दुसरा मी. मला एक कोट शिवला. कुठलंही लग्न, मुंज नाहीतर मीटिंग असो, मालक हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "हं, मिस्त्री, सांग जरा, कसं मिळवलंस?" मग मी रांग, सह्या, पांढरे हातमोजे, तिखटमीठ लावून. तोवर मशीन आलं, बसलं. मी म्हटलं, "मला त्याच्यापाशी राहू द्या." मालक म्हणाले, "इंजिनियर बोलावलाय. तू कोट घाल."

उद्घाटनाला सगळा गोतावळा जमला. इंजिनियरनं बटण दाबलं. पुठ्ठा आत गेला, घड्या सुरेख पडल्या, आणि बाहेर आली खोकी, सगळी आ वासलेली. एकही चिकटेना. नंतरच्यांना इतका गोंद, की चार खोकी मिळून एकच झालं. इंजिनियर मशीनचं पुस्तक उलटंसुलटं करत राहिला. माझ्या पाठीमागून आमचा भोंगा, म्हणजे कटरवरचा गडी, ओरडला, "मिस्त्री, बघा की! तुम्ही शिकून आलाय ना?"

सगळे माझ्याकडे वळले. मालकही. "काय रे?"

मी म्हणालो, "गोंदाचा धडा ज्या सकाळी झाला, त्या सकाळी मी तुमच्या घड्याळाच्या रांगेत उभा होतो. तुम्हीच फोनवर सांगितलं, सही कर."

मग साडू खो खो हसले, आणि त्यांच्यामागे सगळे. त्यांना वाटलं, गोष्टीचाच भाग. मालक तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. "बघा, काय रंगवून सांगतो!"

मी कोट काढून इंजिनियरच्या हातात दिला आणि मशीनखाली शिरलो. भोंग्यानं कंदिलासारखा बल्ब धरला. नळी सोडवली, गोंद बोटांवर घेतला, फुंकला, ताणून बघितला. किती तापला की तार धरतो, किती की पाणी होतं. म्हाताऱ्यानं एका सकाळीत दिलं असतं, ते आता अख्खा महिना बोटं भाजून मिळवायचं होतं. पण आता कळायला लागलं होतं.

वरून मालकांचे चकचकीत बूट दिसले. "मिस्त्री, बाहेर ये लवकर. मोठं गिऱ्हाईक आलंय. त्यांना घड्याळाचं सांग."

"तुम्हीच सांगा," मी खालून म्हणालो.

"अरे, मी काय सांगू? मी कुठं होतो तिथं?"

"तेच सांगा," मी म्हणालो, आणि भोंग्याकडे पाना मागितला.