दारावर लटकलेला पाव

पाववाला फर्मीन सकाळीच गाडी घेऊन वाल्देकोर्सात येतो आणि ज्याच्या त्याच्या दाराच्या कडीला पावाची पिशवी अडकवून पुढच्या गावाला जातो. दुपार झाली तरी पिशवी तिथंच असेल, तर आत माणूस पडलंय असं समजायचं आणि सरळ दार फोडायचं. म्हातारा ब्लास आज चालता-बोलता आहे तो त्यामुळेच.

म्हणून समोरच्या घराला भर दुपारी पाव लटकलेला दिसला, तेव्हा कासिल्डा हातातलं काम टाकून धावली. त्या घरात सारागोसा शहरातून नेरेआ नावाची मुलगी राहायला आली होती, तीही महिन्याच्या बोलीवर. जमलं तर राहीन, नाहीतर जाईन, असं तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. ती राहावी, एवढंच कासिल्डा देवाकडे मागत होती. नवरा गेल्यापासून हिवाळ्यात या गल्लीत तिच्या एकटीच्याच धुराड्यातून धूर निघे, आणि त्या एकटेपणाचा तिला वीट आला होता.

हाका मारल्या, उत्तर नाही. तिनं लुसिओ लोहाराला अक्षरशः ओढत आणलं. त्यानं पहारीनं कुलूप उखडलं. दोघं धापा टाकत माडीवर पोचली, तर नेरेआ कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर काम करत बसलेली. ती केवढ्यांदा किंचाळली.

"जिवंत आहे," लुसिओ म्हणाला.

"मला डोळे आहेत. तू गप बस," कासिल्डानं त्याला झापलं.

"तुम्ही माझं दार फोडलंत?" लुसिओच्या हातातली पहार पाहून नेरेआनं विचारलं.

"पाव आत घेतला नव्हतास ना, पोरी. इथं तसं झालं की..." कासिल्डानं कशीबशी सगळी रीत सांगितली.

"मावशी, मी बिस्किटं खाल्ली."

"बिस्किटांवर राहतेस? मग आम्ही लवकरच आलो म्हणायचं," लुसिओ पुटपुटला.

कासिल्डाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या नवसानं मिळालेली शेजारीण, आणि आपल्याच हातांनी तिला पळवून लावली. आता ही बॅग भरणार.

नेरेआ खाली उतरली आणि उखडलेल्या दाराशी बराच वेळ उभी राहिली.

"सारागोसात मी तापानं फणफणत पडले होते," ती म्हणाली. "शेजारच्यांचा टीव्ही ऐकू यायचा. कोणी साधं दारही वाजवलं नाही."

तिनं बाहीनं डोळे पुसले.

"मावशी, इथं हिवाळाभर शेकोटीला लाकडं किती लागतात?"

"पुष्कळ लागतात गं," कासिल्डा म्हणाली, आणि पायऱ्यांवर मटकन बसून रडू लागली.