दगडाचा खोकला, शिलाईची पाठ

पाथरवट खोकला की म्हणायचा, "दगडाची धूळ, दुसरं काय!" बायको शिलाई मशीनवरून कण्हत उठली की म्हणायची, "वाकून वाकून पाठ धरली." सगळं धंद्याच्या माथी मारून दोघं मोकळी. धंदा बिचारा काय बोलणार! सुनेनं डॉक्टरचं नाव काढलं की पाथरवट डाफरायचा, "राबणाऱ्याला दुखणारच!"

शेवटी बायकोचे पाय लुळे पडले, तेव्हा सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "दोघांनाही क्षयच आहे. तुमचा छातीत, त्यांचा मणक्यात."

"छे हो, आमच्या कामात हे चालायचंच," पाथरवट हट्टानं म्हणाला.

तेवढ्यात सुनेच्या कडेवरची नात खोकली. कोरडं, खोल, थेट आजोबांसारखं. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि पाथरवटाकडे पाहिलं. अजून दातही न आलेल्या पोरीचा धंदा काही त्याला सांगता येईना.