अदलाबदल झालेला टॅब

कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाईंचा फोन वाजला. ‘आपली सही पूर्ण झाली.’

बाईंच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात केळं. सही काय पायाने केली?

फोन पुन्हा वाजला. आणखी एक सही पूर्ण.

बाईंनी केळं तोंडात धरलं आणि पिशवीतला टॅब उघडला. पहिलाच कागद निघाला, ‘उंदीर विरुद्ध मांजर, बिळाचा भाडेकरार’. केळं तोंडातून खाली पडलं.

त्याचं असं होतं. बाईंचं ऑफिस घरातच, आणि तिथे आता कागदाचा कपटाही नव्हता. करार असो नाहीतर शपथपत्र, टॅबवर बोट टेकवलं की बाईंची ठेवणीतली सही उमटलीच. पण ही वकिली उभी केली ती त्यांच्या बाबांनी. त्यांचं डोकं हल्ली भरकटायचं, हात मात्र सही करायला शिवशिवायचे. म्हणून बाईंनी त्यांना दुसरा टॅब दिला, अगदी तसाच काळा, आणि त्यात स्वतः रचलेले खोटे दावे भरले. बाबा कपाळाला आठ्या घालून कावळ्या-चिमणीचे निकाल लावत, आणि बाई आतल्या खोलीत ओढणी तोंडात कोंबून हसत. दोन्ही टॅब उघडायचा आकडा एकच ठेवलेला, बाबांच्या मुलीची, म्हणजे बाईंचीच जन्मतारीख. बाबांना तेवढीच आठवायची.

सकाळी घाईघाईत खेळण्यातला टॅब पिशवीत आला होता. खरा बाबांच्या मांडीवर राहिला होता.

आणि त्या खऱ्यात, यादीत बराच खाली, शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा करार होता. नवऱ्याच्या वकिलाने पाठवलेला. ‘मुलगी कायमची वडिलांकडे.’ घाबरून त्या बिचारीने न वाचताच बोट टेकवलं होतं. “रडू नकोस गं,” बाई तिला म्हणाल्या होत्या, “माझी सही होत नाही तोवर ते नुसतं चित्र आहे. मी बघते त्याच्याकडे.”

फोन परत वाजला. बाबा यादीत सह्या करत वरून खाली येत होते.

बाई धावत सुटल्या. टॅक्सीत बसता बसता फोनवरून सहीचं ॲप बंद करायला गेल्या, तर त्याने खात्रीसाठी ओटीपी पाठवला. कुठे? घरच्या टॅबवर!

त्यांनी बाबांना फोन लावला.

“ऑफिस. बोला.”

“बाबा, टॅब खाली ठेवा! हात लावू नका!”

“कोण बोलतंय?”

“अहो, मी! तुमची मुलगी!”

“माझी मुलगी आत्ता शाळेत आहे,” बाबा थंडपणे म्हणाले. “फाजील मस्करी करू नका.” फोन बंद.

पुन्हा सही झाल्याचा आवाज. आता त्या शिवणवालीच्या कराराच्या वर एकच कागद उरला होता.

आयुष्यभर लोकांना आवाज बदलून फोन करून छळत आलेली बाई ती. घसा खाकरला, नाकात बोलायला लागली. “साहेब, समोरच्या पार्टीचा वकील बोलतोय. जरा पुढची तारीख...”

“तारीख? अजिबात नाही! आजच उरकतो सगळं!”

मेले, बाईंच्या मनात आलं. उलटंच झालं. आणि मग आवाज बदलायची गरजच पडली नाही, तो आपोआप रडवेला झाला.

“साहेब, ठेवू नका. मी शिवणवाली. तुमच्यासमोर माझा करार आहे ना? मुलीचा? मी न वाचता सही केली हो.”

बाईंनी फोन कानात रुतवला.

“तुम्हाला कोणी वाचून नाही दाखवला?”

“नाही.”

“वा रे वकील! माझ्या ऑफिसात असलं चालत नाही. बसा. ऐका.”

आणि बाबा वाचायला लागले. स्वल्पविरामासकट. टॅक्सी सिग्नलला अडकली, सुटली, परत अडकली. बाई ‘हं, हं’ करत राहिल्या. “मुलगी कायमची... काय? आणि आईने भेटायचंसुद्धा नाही? हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?” “मान्य आहे का तुम्हाला?”

“नाही साहेब!”

“मग झालं.”

कानाशी फोन थरथरला. बघायची हिंमत होईना. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “ताई, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?” शेवटी एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं. ‘सही नाकारली.’

बाईंना हुंदका आला आणि हसूही फुटलं, एकदमच.

“अजून कागद दिसतायत इथे,” बाबा फोनवर म्हणत होते. “उरकून टाकू का?”

“वाचून दाखवा, साहेब,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “सावकाश. मला ऐकायचेत सगळे.” आणि ड्रायव्हरला त्यांनी हातानेच खूण केली, दामट.