शिवणवाल्या मावशी हलल्या नाहीत तो दिवस

मी एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाय, वर तपकिरी रेक्झिन, हात नाहीत. मला जोडताना माझा एक पाय केसभर आखूड राहिला. त्यामुळे माझ्यावर बसलेलं माणूस जरासं कललं तरी मी ‘टक्’ करते.

मित्रांनो, माझं आयुष्य एका वर्गात गेलं. शिकून मोठे झालेले डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट इथे पुन्हा विद्यार्थी होतात. वर्षानुवर्षं न थांबणाऱ्या दुखण्याशी कसं वागायचं, एवढंच ते वर्षभर शिकतात. ते समोर अर्धगोलात बसतात आणि रुग्ण माझ्यावर बसतो. ज्याची कंबर किंवा गुडघा दुखतो त्याला स्वस्थ बसवत नाही. मग माझं टक् टक् सुरू होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, “ऐका, खुर्ची सांगतेय.” माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

बाईंचा पहिला धडा असा होता : “जुनं दुखणं वाढलं म्हणजे दरवेळी नवी इजा झाली असं नसतं. माणसाला घाबरवू नका, उगाच तपासण्यांमागे पळवू नका.” धडा खराच होता. अर्धगोलातल्या एका तरुण डॉक्टरने तो तोंडपाठ केला. प्रत्येक वाक्याला तो ‘शंभर टक्के’ म्हणायचा, म्हणून वर्गाने त्याचं नावच शंभर टक्के ठेवलं होतं.

त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या मावशी यायच्या. त्यांची कंबर सात वर्षं दुखत होती. “माझी कंबर म्हणजे सासूबाई,” त्या म्हणायच्या. “जाणार नाहीत, जुळवून घ्यायचं!” सगळे हसायचे आणि मी टक् टक् करत राहायचे.

एका सोमवारी बाई रजेवर होत्या. मावशी आल्या, बसल्या, आणि मी एकदाही वाजले नाही.

“मावशी, दहापैकी किती दुखतंय?”

“आज तीनच. परवापर्यंत आठ होतं.”

“बघा! आज खुर्चीसुद्धा गप्प!” शंभर टक्के म्हणाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मी मात्र घाबरले होते. माझ्या कडेचं रेक्झिन फाटलंय, तिथे लोखंड टोचतं. मावशींची मांडी नेमकी त्यावर दाबली गेली होती आणि त्या सरकत नव्हत्या. पोतं ठेवावं तसं त्यांचं ओझं माझ्यावर होतं.

त्याच्या कागदांत धोक्याच्या प्रश्नांचं एक पान होतं. बसायची जागा बधिर वाटते का, लघवी अडते का, पायातली ताकद गेली का. तीन महिन्यांपूर्वी त्याने ते विचारले होते आणि प्रत्येकापुढे ‘नाही’ लिहिलं होतं. ते पान त्या दिवशी उघडलंच नाही. “सासूबाई आता उतरणीला लागल्यात, मावशी. शंभर टक्के.”

बुधवारी मावशी पुन्हा आल्या. तेव्हाही मी गप्पच होते. जाताना त्या उठल्या आणि चालू लागल्या. एक चप्पल माझ्यापाशीच राहिली. वर्गातल्या परिचारिका ताईंनी ती उचलली.

“मावशी, चप्पल!”

“अगंबाई, कधी निसटली? कळलंच नाही.”

ताई हसल्या नाहीत. मावशींना त्यांनी परत माझ्यावर बसवलं. “खाली खुर्ची लागते का?”

“खरं सांगू? चार दिवस कापसावर बसल्यागत वाटतंय.”

“आणि लघवी?”

मावशींनी आवाज खाली आणला. “कालपासून धड होत नाही. म्हटलं, वय झालं.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?” शंभर टक्के म्हणाला.

“तुम्ही दुखतं का विचारलंत, डॉक्टर. हे दुखत नव्हतं.”

मणक्यांमधली गादी सरकून नसा चिरडत होती. नसा बधिर पडल्या, म्हणून दुखणं उतरलं होतं. दहा मिनिटांत स्ट्रेचर आलं, संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मावशी आज काठी घेऊन चालतात. पण लघवी अजून नळीनेच काढावी लागते, दिवसातून चार वेळा. सोमवारी कळलं असतं तर? शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, “कदाचित.” त्यानंतर त्या तरुणाच्या तोंडून ‘शंभर टक्के’ मी ऐकलं नाही.

बाईंनी नियम केला : जुन्या रुग्णालाही ते प्रश्न दर भेटीत विचारायचे. पण बाई निवृत्त झाल्या. आता गुबगुबीत खुर्च्या आल्यात, त्या वाजत नाहीत. मी भिंतीला लावलेली आहे, माझ्यावर फायलींचा ढीग असतो.

मित्रांनो, ते प्रश्न आजही विचारले जातात, पण पाढे म्हणावेत तसे. मोठे होऊन तुम्ही कुणाची विचारपूस कराल, तेव्हा प्रश्न विचारून थोडं थांबा. उत्तर येईपर्यंत पेन टेकवू नका. काल एका आजोबांनी “अं, तसं म्हटलं तर...” एवढं म्हणायला तोंड उघडलं होतं. तोवर ‘नाही’वर खूण झाली आणि पान उलटलं.