पाचात पाच मिळवून पाच

ज्याच्या साक्षीने इतरांचे खरेखोटे ठरते, त्याच्यावरच संशय आला, तर त्याने दाद कोठे मागावी? संशय येणे हे पाप नव्हे. परंतु पुरती चौकशी न करता तो दुसऱ्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. मित्रांनो, हा अन्याय मी सोसला, तसाच केलाही.

मी बोरी गावातील एका शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना ताणकाटा आहे. पोटात पोलादी स्प्रिंग, खाली आकडा, छातीवर पितळी पट्टी. आकड्याला जे टांगाल त्याचे वजन सांगावे, हा माझा धर्म. एकवीस वर्षे तो मी निष्ठेने पाळला. पुढे गंज चढला, तेव्हा मात्र कोणी फडक्याने पुसलेही नाही. अशात शेजारच्या खुंटीवर नवा ताणकाटा आला. त्याची चकाकी पाहून माझ्या मनात अढी बसली.

अकरावीतील सुकेशनीने जिंतूरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग मांडला. एका लांब लाकडी पट्टीच्या दोन टोकांना दोऱ्या बांधून तिने त्यांत आम्हा दोघांना अडकवले आणि खाली, दोऱ्या जेथे मिळत होत्या तेथे, पाच किलोचे वजन टांगले. भार दोघांत वाटला जाऊन प्रत्येकी अडीच किलो दिसावेत, अशी सर्वांची अपेक्षा. दोघांनीही पाच-पाच दाखवले!

प्रयोगशाळेचे परिचर सूर्यभानमामा तत्काळ म्हणाले, "मॅडम, ह्या पोरीनं काटे ताणून ताणून ढिले केले. मी कवापासून सांगायलोय."

"मामा, मी जोरात हात बी लावला न्हाई," सुकेशनी रडवेली झाली.

"मंग काटे काय आपोआप खोटं बोलायलेत?"

विज्ञान शिकवणाऱ्या राजेश्री मॅडम गंभीर झाल्या. "सुकेशनी, उपकरण बिघडलं असेल तर उद्याच्या यादीतून तुझं नाव मला काढावं लागेल."

मी मनात म्हटले, दोष या नव्याचाच. तो मला आडवा ओढतो आहे, हे मला स्पष्ट जाणवत होते. त्यालाही माझ्याविषयी तेच वाटत असावे.

सुकेशनीने डोळे पुसले. तिने ते वजन आधी एकट्या माझ्यावर टांगले : पाच. मग एकट्या नव्यावर : पाच. मामांचे कपाळ अधिकच आठ्यांनी भरले. "एकट्यानं पाच, दोघांनी मिळून बी पाच-पाच? मंग काम वाटून घेतलं कुठं?"

आता तिने दोऱ्या सरकवून जवळ आणल्या. काटे उतरू लागले. आम्ही शेजारी-शेजारी सरळ लोंबलो, तेव्हा बरोबर अडीच-अडीच भरले. मग तिने दोऱ्या पुन्हा पूर्ववत दूर बांधल्या आणि त्यांच्या तिरकेपणाप्रमाणे गुडघे टेकून फरशीवर खडूने, किलोला एक वीत धरून, पाच वितींचा एक बाण काढला. त्याच्या टोकापासून, दुसऱ्या दोरीच्या दिशेने, तेवढाच दुसरा; मग पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचे टोक एका रेघेने जोडले.

"मामा, आता पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तुमीच मोजा. माझ्या वितीवर इश्वास नसंल तर तुमच्या वितीनं!"

"माझी वीत मोठी हाय, फसवायलीस काय?" म्हणत मामांनी तिन्ही रेषा स्वतः मोजल्या. तिन्ही सारख्याच निघाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. मग हळूच म्हणाले, "आयला, सारख्याच की."

मॅडम म्हणाल्या, "बळाला नुसता आकडा नसतो, दिशाही असते, म्हणून ते सदिश. दोन काटे जोर लावतात, पण तिरके. त्यांच्या जोराचा काही भाग एकमेकांना ओढण्यातच जातो. वर उचलण्यासाठी उरतात ते पाचच."

म्हणजे नवा मला ओढत होता, हे खरेच होते. आणि मीही त्याला तेवढेच ओढत होतो. कपट कोणाचेच नव्हते. आम्ही दिशा विचारलीच नव्हती.

"चुकलं बाई माझं," म्हणत मामांनी आम्हा दोघांना तेलाच्या फडक्याने पुसले, आपल्या उपरण्यात एकत्र गुंडाळले आणि ते गाठोडे सुकेशनीच्या हाती दिले. यादीत तिचे नाव तसेच राहिले.

मित्रांनो, उपकरणांना गंजू देऊ नका, आणि कोणाला दोष देण्यापूर्वी त्याची दिशा विचारा. मोजण्याआधी बोलणाऱ्या आणि बोलल्यावर मोजून पाहणाऱ्या त्या मामांना समाधान लाभो. सत्यासाठी जमिनीवर गुडघे टेकणाऱ्या त्या मुलीचे कल्याण असो.