गुरगुरणारा पिकअप

आमच्या ऑर्केस्ट्राचा आधीचा गिटारवाला करंट लागून उडाला आणि थेट ढोलकीवाल्याच्या मांडीत जाऊन बसला. लोकांनी वन्स मोअर दिला. तो वाचला, पण हल्ली उंब्रजला कांदे विकतो आणि दुकानात कंदील लावतो. त्याच्या जागी आमच्या मालकांनी, आप्पासोंनी, मला घेतलं. गिटार मात्र तीच.

त्या झटक्यात गिटारचा पिकअप मेला होता. पिकअप म्हणजे तारांखालची चपटी डबी. ती तारेचा आवाज उचलून अँप्लिफायरला देते. ती गेली की तुम्ही लाकूड खाजवताय एवढंच लोकांना दिसतं. म्हणून औंधजवळच्या एका वाडीतल्या कार्यक्रमाआधी आम्ही कराडला जयराजच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

जयराजनं दोन पिकअप टेबलावर ठेवले. "ह्यो पत्र्याचा. दोन कॉइलचा. एकदम गप. आन् ह्यो पांढरा, एका कॉइलचा. ह्यो बोलतोय."

त्यानं पांढरा जोडला. कुणी हात लावला नव्हता, तरी गिटार गुरगुरायला लागली. जयराजनं तारांवर तळहात ठेवला, तशी गप झाली.

"मग ती गुरगुर कुठं गेली?" मी विचारलं.

"माज्यात," जयराज म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "थोडीशीच."

मी टेबलापासून दोन पावलं मागं सरकलो.

"गपवाला घ्या," आप्पासो म्हणाले. "गाण्यात भुंगा कशाला? आन् पत्रा लांबनं चकाकतोय बी."

"करंट उलटा तारांत आला तर गपवाला आधी सांगंल का?" मी जयराजला विचारलं.

"त्यो कशाला सांगंल? गप ऱ्हायाचं त्याचं काम," जयराज म्हणाला. "पांढरा मातुर वरडंल."

"पांढरा द्या." आमच्याकडं साधा पाहुणा यायचा असला तरी आधी निरोप येतो. मरण काय असंच आत शिरणार?

"नागसेन, गड्या, तू गिटार घेतुयास का कुत्रं?" आप्पासो वैतागले.

"कुत्रं मिळत असलं तर तेबी घ्या."

वाडीत पोचलो तेव्हा लाईटवाला नाथाजी खांबावरून उतरत होता. त्यानं तारेवर आकडा टाकला होता. आकड्यानं एकच तार मिळते, म्हणून दुसऱ्या तारेच्या जागी त्यानं स्टेजमागं जमिनीत सळई ठोकली होती.

"आन् अर्थिंग?" मी विचारलं.

"तीच सळई. एका सळईत दोन कामं." नाथाजीला स्वतःचं कौतुक वाटलं. "फकस्त भुई वली पायजे."

"वाळली तर?"

"तर समदा करंट तुज्या तारांत," तो एसटीची वेळ सांगावी तसा म्हणाला. "पर वाळत न्हाई. रंगूबाई बसवलीया न्हवं."

सळईशेजारी एक म्हातारी कळशी घेऊन बसली होती आणि तांब्यानं पाणी घालत होती. माझा जीव त्या तांब्यात होता. मी वाकून तिच्या पाया पडलो.

"आवं रंगूबाई, कार्यक्रम संपस्तवर उठू नगा."

"न्हाई उठत रं लेकरा. उठून जायाचं कुठं?"

सूर्य मावळायला कार्यक्रम सुरू झाला. पहिली दोन गाणी बरी गेली. म्हणजे गेली असावीत. मी फक्त गुरगुर ऐकत होतो. ती बारीक होती, झोपलेल्या माणसासारखी. तिसऱ्या गाण्यात ती जागी झाली. आधी घोरल्यासारखी, मग गिरणीसारखी. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी दोन्ही हात तारांवरून उचलले आणि सरळ डोक्यावर धरले. गिटार पट्ट्यावर लोंबकळत गुरगुरत राहिली.

"वाजव रं!" आप्पासो कडेनं फुसफुसले.

"पाणी!" मी ओरडलो.

"पाणी!" वाडी ओरडली. लोकांना ते गाण्यातलं वाटलं. ठेका धरला गेला. पहिल्या रांगेत एक म्हातारी उलट्या कळशीवर तो ठेका फार झकास वाजवत होती.

"रंगूबाई! तुमी हितं?"

"मागनं काय दिसतंय रं? नुसती तुजी पाठ!"

"आवं, सळई वाळली! पाणी घाला!"

"घाबरू नगं लेकरा," ती मायेनं म्हणाली. "मी हाय न्हवं हितं, तुज्या म्होरं."

गुरगुर वाढतच होती. पाय हलवायचा तर गिटार पट्ट्यावर उलटणार आणि तार पोटाला लागणार. मी हात वर करून, श्वास रोखून उभा राहिलो. माझ्याकडं बघून एका पोरानं हात वर केले. मग त्याच्या रांगेनं. मग सगळ्या वाडीनं, लाईटच्या खांबाशी उभ्या नाथाजीनंसुद्धा. रंगूबाईनं कळशी खाली ठेवली आणि तिनंही केले.

आता पाणी घालायला वाडीत एकही हात मोकळा नव्हता.