चिखलात राहिलेला उजवा बूट

मी बूट बोलतोय. धावायचा बूट, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच पडलाय, पण तो पहिल्यापासून घुम्या. चार शब्द बोलला तर त्यातले तीन हुंकार. तेव्हा जे काही सांगायचं ते मलाच सांगावं लागणार. दमलोय फार. मध्येच श्वास घ्यायला थांबलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. गरम गोंदाचा वास, डोक्यावर पांढरे दिवे आणि टेबलाशी ओळीनं उभ्या असलेल्या बायका. एकीनं माझा तळ चिकटवला, दुसरीनं दाबून धरला, तिसरीनं नाडी ओवली. ही तिसरी सारखी जांभया देत होती. माझ्या अंगात जो शीण आहे तो तिच्याच हातून आला असावा, असं मला अजून वाटतं. तळ मला दिला तो सपाट आणि मऊ, डांबरी रस्त्यासाठी. दगडधोंडे, गवत, चिखल माझ्या पत्रिकेतच नव्हते.

मला दुकानातून आणलं ते धाकटीनं. धाकटी म्हणजे एका घरातली धाकटी सून. केस कापायच्या दुकानात कामाला. पाय हरणाचे आणि जीभ तिच्या कातरीसारखी. घाईघाईत मला उचललं आणि घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की मी तिला सैल होतो. जाड मोजे घालून चार दिवस तिनं मला रेटलं. मग एका संध्याकाळी आम्हा दोघांना थोरल्या जावेपुढं नेऊन ठेवलं.

"ताई, हे तुमच्या मापाचे आहेत. उद्यापासून चला माझ्याबरोबर."

"मी? अगं, मला काय कमी धावाधाव आहे?"

"तेच म्हणते. नुसती घरातल्या घरात धावता. जरा रस्त्यावर धावा."

थोरली हसली आणि तिनं पाय आत घातला. मला तो पाय अजून आठवतो. रुंद, टाचेला भेगा, घोट्यापाशी सुजलेला. थोरली चष्म्याच्या काचा घासायची. दिवसभर यंत्रापुढं उभं राहायचं, पाण्याच्या बारीक धारेखाली काच फिरवायची, उजेडापुढं धरून बघायची, पुन्हा घासायची. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून तिचे पाय सुजत. पण त्या पायाला मी बरोब्बर बसलो.

सुरुवातीला ती दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. धाकटी पुढं जाऊन परत यायची, तिच्याभोवती वळसा घालून पुन्हा पुढं जायची. हळूहळू खांब वाढले. मग दोघी धावणाऱ्यांच्या एका मंडळात गेल्या. त्याचा म्होरक्या गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला 'क्लच' म्हणत. चढ आला की तो मागून ओरडायचा, "दुसऱ्यात टाका, दुसऱ्यात! इंजिन बंद पडेल!" आणि सगळ्यात आधी त्याचंच इंजिन बंद पडायचं.

ते दिवस चांगले होते. रस्ता सपाट, पावलं एका तालात. दोन्ही जावा धावता धावता घरच्या गोष्टी बोलत आणि हसून हसून त्यांना दम लागे.

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या. पडल्या त्या एका अंगानं गेल्याच. उजवा हात, उजवा पाय, निम्मी जीभ.

माझी जागा दाराशी होती, त्यामुळं घरातलं सगळं मला ऐकू यायचं. थोरलीनं सगळं अंगावर घेतलं. कूस बदलणं, अंग पुसणं, चादरी, औषधं. धाकटी पदर खोचून उभी राहायची. थोरली म्हणायची, "राहू दे, मी करते." धाकटीनं चादर घडी केली तर थोरली ती उलगडून पुन्हा घालायची. काही महिन्यांनी धाकटी आणि तिचा नवरा दुकानाजवळ दोन खोल्या घेऊन राहायला गेले. जागा कमी पडते हे कारण सांगितलं. खरं कारण मला माहीत नव्हतं. मी बूट. मला चढ-उतार कळतात, माणसं नाही.

एकदा धाकटी धावून परस्पर भेटायला आली. घामेजलेली, तजेलदार. थोरली रात्रभर जागी होती. दारातच तिनं म्हटलं, "धावायला पाय आहेत तुला. सासूबाईंसाठी यायचं म्हटलं की मोडतात."

 उंबऱ्याच्या आत ठेवलेलं पाऊल धाकटीनं मागं घेतलं. तिच्या नव्या बुटांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं.

तिथून अबोला. दोघी त्याच मंडळात, त्याच रस्त्यावर, पण एक पुढं आणि एक पार मागं. धाकटी नवऱ्याला आईकडं पाठवायची, स्वतः यायची नाही. थोरलीचं धावणंही बदललं. पूर्वी ती धावायची, आता नुसती पावलं टाकायची. माझा टाचेकडचा भाग एका बाजूनं झिजायला लागला. दमलेली माणसं तशीच चालतात, एका अंगावर भार टाकून.

अशात क्लचच्या डोक्यात खूळ आलं. "रस्त्यावर धावून धावून आपण रस्त्याचेच झालो," तो म्हणाला. "यंदा क्रॉस-कंट्रीला जाऊ. रानातून, गवतातून. आपल्यातलं कुणीच कधी गेलेलं नाही, तेव्हा कुणाची लाज कुणाला?" बायकांचा संघ चौघींचा. मंडळात नेमाने धावणाऱ्या बायका चारच. पोस्टात काम करणाऱ्या दोघी बहिणी, धाकटी आणि थोरली. चौघींनी शर्यत पुरी केली तरच संघ धरणार. एक जरी राहिली, तरी बाकीच्या तिघी आल्याच नाहीत असं समजायचं.

थोरली नाही म्हणणार होती. पण नवरा म्हणाला, "जा. एक सकाळ मी बघतो आईचं." ती त्याच्याकडं बघतच राहिली. त्यानं हे आधी का म्हटलं नाही, की म्हटलं होतं आणि हिनंच ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

शर्यतीच्या जागी पोचलो आणि बघतो तर काय, समोर रस्ताच नाही! ओलं गवत, उतार, झाडी, मध्ये मध्ये दोऱ्या आणि लहान लहान निशाणं. आजूबाजूला सगळे खिळ्यांचे बूट. त्यातला एक माझा तळ बघून फिसकन हसला. "आजोबा, साबणाची वडी घालून आलात की काय?"

शिट्टी वाजली आणि सगळ्या बायका जिवाच्या आकांतानं सुटल्या. आमच्या चौघी रस्त्यावरच्या. आधी हळू, मग लय, ही त्यांची रीत. त्यांची लय लागेपर्यंत वाट अरुंद झाली होती आणि त्या मागं अडकल्या होत्या. धाकटी कोपरं मारत पुढं घुसली. थोरली राहिली. तिनं सवयीनं घड्याळाकडं पाहिलं. त्याचा इथं काय उपयोग? चढावर चालल्यासारखं धावावं लागत होतं, उतारावर घसरत होतं. एक पाऊल दगडावर, एक खड्ड्यात. दर पावलाला मी वेगळ्याच अंगावर पडत होतो. रस्त्यावर माणूस धावताना दुसरा विचार करू शकतो. इथं फक्त पुढचं पाऊल.

झाडीच्या पलीकडं ओहोळ होता. त्याच्या काठी शेकडो बुटांनी तुडवून लापशी केलेला चिखल. थोरलीनं डावा टाकला, निघाला. मला टाकलं आणि मी गेलो. नाडीपर्यंत. तिनं पाय ओढला. पाय निघाला, मी राहिलो.

ती मोज्यावर दोन पावलं गेली, मागं वळली, वाकली, चिखलात हात घातला. तिची बोटं माझ्या टाचेला लागलीसुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाजूला व्हा हो!" आणि एक खिळ्यांचा बूट माझ्या पाठीवर पडला. मी आणखी खाली गेलो. मग काळोख. तिच्या पावलांचा आवाज ऐकू आला, एक बुटाचं, एक मोज्याचं. तोही गेला.

पुढचं मला डाव्यानं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं भाषण.

थोरली लंगडत चढावर गेली. मोजा फाटला, तळव्यात काटे गेले. एकेक करून सगळ्या तिला ओलांडून गेल्या. वर एक आडवा ओंडका होता. ती त्यावर बसली. रडली नाही. नुसती बसली, बस चुकलेलं माणूस बसतं तशी. मग छातीवरच्या नंबराची पिन काढायला लागली.

तेवढ्यात दोरीच्या पलीकडून कुणीतरी उलट्या दिशेनं धावत आलं. धाकटी. तिची शर्यत संपली होती. केसांपर्यंत चिखल.

"पिन लावा ती."

थोरलीनं मान वर केली. केवढ्या दिवसांनी तो आवाज तिच्याशी बोलत होता.

"काही उपयोग नाही गं. मी शेवटची आहे."

"मग? शेवटचीच हवीय आम्हाला. पहिल्या तिघी झाल्या येऊन."

"बूट गेला माझा."

"दिसतंय. हात देता येत नाही मला, नियम आहे. नाहीतर खेचून नेलं असतं. उठा ताई."

थोरली उठली. धाकटी दोरीच्या त्या बाजूनं, थोरली ह्या बाजूनं. धाकटी सगळा वेळ बडबडत होती, पुढं खड्डा आहे, डावीकडनं घ्या, तिथं गवत मऊ आहे. निशाणं गोळा करणारा माणूस त्यांच्या मागं मागं चालत होता, पण त्यानं शेवटचं निशाण उपटलं नाही. क्लच रेषेपाशी दोन्ही हात हलवत ओरडत होता, "चौथ्यात टाका! चौथ्यात!" थोरली शेवटची आली. संघही शेवटचा आला. पण धरला गेला.

मी चिखलात होतो. वरची गडबड थांबली होती, नुसता ओहोळ वाजत होता. मला वाटलं, झालं आपलं. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. थंडगार होतं, कुणाचा भार नव्हता. मग वर आवाज आले.

"इथंच कुठंतरी," थोरली म्हणाली. "राहू दे, मी काढते."

"बघा!" धाकटीचा आवाज चढला. "हेच तुमचं. राहू दे, राहू दे. कित्येक महिने त्या घरात मी नुसती उभी होते ताई. तुम्ही मला कामच दिलं नाहीत. आणि वर म्हणालात, पाय मोडतात."

वर चिखल चाचपणारा हात थांबला.

"तुला जमणार नाही असं वाटायचं," थोरली म्हणाली.

"नसतं जमलं. वाकडं केलं असतं. पण केलं असतं."

"मला झोप नाही गं," थोरली एकदम म्हणाली. आवाज अगदी बारीक. "किती दिवस झाले, मला झोपच नाही."

 धाकटीनं बाही सरसावली आणि कोपरापर्यंत हात खाली घातला. तिची बोटं माझ्या जिभेत अडकली. चिखल मला सोडेना. मग दुसरा हात आला, काचा घासून खरबरीत झालेला, आणि दोघींनी मिळून ओढलं. 'पचाक' असा आवाज करून मी वर आलो आणि दोघी मागच्या मागं चिखलात बसल्या. आधी कोण हसलं ते मला कळलं नाही. कानात चिखल होता.

एवढ्यानं सगळं गोड झालं असं समजू नका. माणसं एका सकाळीत बदलत नाहीत. पुढच्या आठवड्यात धाकटी आली ती तोंड फुगवूनच, आणि चादरीच्या घडीवरून पहिल्याच दिवशी दोघींची जुंपली. सासूबाई आतून अर्ध्या तोंडानं काहीतरी म्हणाल्या. धाकटीला कळलं नाही. थोरली म्हणाली, "त्या म्हणतायत, दोघीही चुकीची घालताय." पण थोरली दारातून आत न येता उभी राहायला शिकतेय. हात शिवशिवतात तिचे, दिसतं मला. तरी उभी राहते. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार आता धाकटीचे.

मी मात्र संपलो. त्या चिखलानं माझा तळ सुटला, पुढून तोंड आ वासलं. घरधन्यानं दोनदा गोंद लावून बघितला. थोरलीनं नवे बूट घेतले, ह्या वेळी जरा खाचांचे. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतायत. आम्हा दोघांना कोपऱ्यात ठेवलंय. कधी कुणी गच्चीवर कपडे वाळत घालायला पायात अडकवतं, बाकी वेळ आम्ही पडून असतो. माझी तक्रार नाही. एकच मागणं, आता पुन्हा गोंद नको. सुटलंय ते सुटू द्या.

आज रविवार. मंडळ केव्हाच रस्त्यावर गेलं असेल. नवे बूट दाराशी तयार होऊन बसलेत, उतावीळ. पण थोरली उठलेली नाही. मघाशी घरधनी तिला हाक मारायला निघाला, तर सासूबाईंचं अंग पुसता पुसता धाकटीनं ओठावर बोट ठेवलं.

"भाऊजी, झोपू द्या त्यांना."

सकाळचं ऊन पार स्वयंपाकघरापर्यंत आलंय आणि घरात थोरलीच्या श्वासाचा आवाज आहे. इतक्या वर्षांत असा सावकाश श्वास मी तिचा ऐकला नव्हता. तुम्हाला भेटायला यावंसं वाटलं तर जरूर या. फक्त बूट काढताना आपटू नका.